तिसरं 'पुरे'

दत्ताकाकांची आणि माझी ओळख मसालेभातावरच्या भांडणातून झाली. मंडळाच्या गणपतीचं जेवण होतं आणि मी वाढत होते. लांब टेबलाच्या टोकाला एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. पांढरे केस मानेवर रुळणारे, अंगात मोठ्या फुलांचा ढगळ शर्ट. मी भाताचा डाव पुढे केला तसा त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "पुरे." मी पुढच्या ताटाकडे वळले.

"अहो बाई," मागून आवाज आला, "निघालात कुठे?"

"तुम्ही पुरे म्हणालात."

"ते पहिलं पुरे होतं."

"काका, नाही म्हणजे नाही," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्या दोन बँकवाल्यांनी माना वर केल्या.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन त्यांनी मला नियम समजावला. पहिलं पुरे सवयीचं असतं. दुसरं लाजेचं. तिसरं खरं. "पहिली दोन न ऐकणारी माणसं घरची. तिसरंही न ऐकणारी मूर्ख. आणि पहिल्यालाच थांबणारी..." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठल्या तुम्ही? पुण्याच्या?"

पुण्याचीच. आठ वर्षांची असताना बाबांच्या बँकेच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो. येताना आईने तवा, पोळपाट आणि पत्रकांचा एक गठ्ठा आणला. ती पुण्यात बायकांच्या संघटनेत होती. इथे मराठी शाळा नाही म्हटल्यावर तिने मला त्या पत्रकांवरच वाचायला शिकवलं. त्यामुळे माझ्या बाराखडीत अ अननसाचा कधीच नव्हता. तो अन्यायाचा होता. मोठी झाल्यावर मी दिवसा तांजोंग पगारच्या एका कचेरीत अहवाल लिहायला लागले आणि उरलेल्या वेळात जगाचा निषेध. हे कळल्यावर काकांनी माझं आडनाव बदलून टाकलं. "या पत्रके," यिशुनच्या त्यांच्या फ्लॅटचं दार उघडत ते म्हणायचे, "आज कुणाचा धिक्कार?"

ते सिंगापूरचेच. वडील वेंगुर्ल्याहून एका जहाज कंपनीत कारकून म्हणून आले आणि इथेच राहिले. काकांचा जन्म सेरांगून रोडच्या मागच्या गल्लीतला, मसाल्याच्या दुकानावरच्या खोल्यांमधला. आज तिथून विमानतळावरून आलेली नवी मंडळी हिंग आणि कढीपत्ता घेऊन जातात. काकांची मराठी आमच्यापेक्षा जुनी होती, आणि तिच्यात मलय शब्द असे बसलेले होते की कुणाला ते वेगळे वाटू नयेत. पुण्याहून आलेल्या नव्या माणसाला ते हमखास एक विनोद ऐकवायचे. इथलं दहनगृह मंडाई नावाच्या भागात आहे. "तुमच्याकडे मंडईत माणसं रोज जातात," काका म्हणायचे. "आमच्याकडे एकदाच. तेही पिशवी न घेता." नवा माणूस हसावं की नको या विचारात पडायचा, आणि तोवर काका त्याच्या ताटात आणखी काहीतरी वाढून मोकळे.

आयुष्यभर त्यांनी एका शिपिंग ऑफिसात हिशेब केले. पण त्याआधी, साठच्या दशकाच्या शेवटी, ते एका रॉक बँडमध्ये ऑर्गन वाजवायचे. बँडचं नाव सांगायला त्यांना लाज वाटे. ते एवढं लांब होतं की पोस्टरवर मावायचं नाही. गिटारवर आह सेंग, ड्रमवर हाशिम. तिघं एकाच गल्लीतली. या तिघांनी एकच तबकडी काढली. जांभळ्या वेष्टनावर नारिंगी, वितळत चाललेली चार रोमन अक्षरं: PURE. त्या काळात ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे कुठल्या तरी संग्राहकाच्या हाती एक प्रत लागली आणि साता समुद्रापलीकडे तिचा बोलबाला झाला. लोक इंटरनेटवर तिच्याबद्दल पानंच्या पानं लिहायला लागले, हे काकांना माझ्याकडूनच कळलं.

मी ती पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्या बैठकीत, एका रविवारी सकाळी. काकांनी तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरून अशी आणली की जणू गरम पापड आहे. पहिल्या बाजूची सुरुवात नदीवरच्या मालवाहू होड्यांनी होते. हाशिम रॉकेलच्या रिकाम्या डब्यांवर होडीच्या इंजिनाचा ठोका धरतो, त्यावर ऑर्गन धुक्यासारखा पसरतो, आणि मग आह सेंगची गिटार कुणीतरी पत्रा फाडावा तशी आत शिरते. मग बाजार. तीन चाली एकाच वेळी, तीन वेगळ्या लयींत, आणि आपण त्यांच्यामधून वाट काढत चाललोय असं वाटतं. मधलं इंग्रजी गाणं मात्र भयंकर आहे. त्यात आठ ओळींत चार वेळा चंद्र येतो. मी तसं बोलून दाखवलं.

"विशीत होतो गं," काका म्हणाले. "त्या वयात चंद्राशिवाय दुसरी ओळख कुणाशी असते?"

"आणि सितार कशी नाही? तेव्हा सगळेच घेत होते."

"स्टुडिओवाला रोज म्हणायचा, तू इंडियन आहेस, सितार घे. मी म्हटलं, तुम्ही चायनीज आहात, तुम्ही ड्रॅगन आणा."

दुसरी बाजू म्हणजे एकच सलग रचना. ती चढत जाते, वेडीवाकडी होते, सूर उलटे वाजायला लागतात, आणि शेवटी सगळी वाद्यं थांबून फक्त पुरुषांचे आवाज उरतात. ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. आवाज एकमेकांवर चढतात, घुमतात, लांब जातात. मध्येच एक टणत्कार. मग शांतता.

माझ्या अंगावर काटा आला. कारण जगात त्या तबकडीवर पानं लिहिणाऱ्या कुणालाही न कळलेली गोष्ट मला पहिल्याच ओळीला ऐकू आली. ते सगळे त्या चार अक्षरांना इंग्रजी समजून बसले होते. प्युअर. शुद्ध. कुणी लिहिलं होतं की हा आत्मशुद्धीचा मंत्र आहे, कुणी लिहिलं होतं की आवाज तिबेटी भिक्खूंचे आहेत, आणि शेवटचा टणत्कार देवळातली घंटा आहे यावर तर सर्वांचं एकमत होतं. इतक्या वर्षांत एकाही मराठी माणसाने ती तबकडी ऐकली नव्हती की काय?

"काका!" मी ओरडले. "हे पुरे आहे! पुरे! बस्स! सहन करणार नाही! ही घोषणा आहे!"

काकांनी सुई उचलली. "पत्रके," ते म्हणाले, "हे जेवण आहे."

मग त्यांनी सांगितलं. ती तबकडी म्हणजे त्यांच्या शहराचा एक रविवार. पहाटेच्या नदीपासून दुपारच्या जेवणापर्यंत. विशीतल्या पोरांची हाव केवढी, तर अख्खं शहर त्यांना एका तबकडीत कोंबायचं होतं. रविवारी सराव संपला की तिघंही काकांच्या घरी जेवायला. त्यांची आई, सुमतीबाई, हाशिमला हलालच चालायचं म्हणून रविवारी मटण कधी करायच्या नाहीत. बांगड्याचं कालवण आणि भात. त्यांना मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि त्या दोघांना मराठी येत नव्हती. पण त्या वाढायला लागल्या की थांबायच्या नाहीत. म्हणून काकांनी मित्रांना जीव वाचवण्यापुरता एक शब्द शिकवला. पुरे.

"आणि आई त्यांचं ऐकायचीच नाही. शेवटी ते ओरडायचे. पुरे, आंटी, पुरे! आह सेंगच्या काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून टेपरेकॉर्डर उचलून आणला आणि एका रविवारी स्वयंपाकघरात लावून ठेवला. पुढे स्टुडिओत तो आवाज लांबवला, घुमवला. नावावरून आमची भांडणं चालली होती. आह सेंगला काहीतरी विश्वाबद्दल हवं होतं. हाशिम म्हणाला, तिघांनाही येतो असा एकच शब्द आहे, तोच ठेवा."

"आणि घंटा?"

"पळी. कालवणाच्या पातेल्यावर."

"आजींनी ऐकली होती?"

"ऐकली. म्हणाली, एवढ्या गोंगाटात माझी पळी तेवढी सुरात आहे."

हे सांगताना ते हसत होते, पण सुई जागेवर ठेवायला त्यांना वेळ लागला. आह सेंग जाऊन बरीच वर्षं झाली होती. बँड तर त्याच्या कितीतरी आधी मोडला. लांब केसांच्या पुरुषांना सरकारी कचेरीत सर्वांत शेवटी बोलावलं जाईल अशा पाट्या शहरभर लागल्या तेव्हा काकांनी केस कापले आणि नोकरीला लागले. मला हे सहन झालं नाही. "तुम्ही केस कापलेत? पाटी बघून?"

"केसच कापले ना? डोकं शिल्लक होतं." निवृत्त झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाढवले होते.

त्यानंतर वर्षभरात लंडनच्या एका छोट्या कंपनीचा ईमेल आला. त्यांना ती तबकडी पुन्हा काढायची होती. ऑलिव्हर नावाचा तरुण होता, बोलायला अत्यंत नम्र. सोबत त्याने वेष्टनामागचा मजकूर पाठवला होता. त्यात काका, आह सेंग आणि हाशिम हे 'शुद्धतेच्या शोधात निघालेले पूर्वेचे तीन साधक' होते. त्याच सुमारास काकांच्या पोटातलं दुखणं काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी ते मला कंपनीच्या ईमेलनंतर सांगितलं, जणू दुसऱ्या क्रमांकाची बातमी.

"मला फार काही नको," ते म्हणाले. "शब्द मराठी आहे एवढं छापा. आणि आईचं नाव. ती आहे त्यात, आणि तिचं नाव कुठेच नाही. एवढं बघून मंडाईला जायला मी मोकळा."

तसं त्यांनी ऑलिव्हरला कळवलं. उत्तर आलं की गोष्ट गोड आहे, पण रसिकांच्या मनात जे गूढ आहे ते जपायला हवं. काकांनी पुन्हा कळवलं. पुन्हा तेच, जरा जास्त नम्र.

मी पेटले. रात्रंदिवस डोक्यात तेच. आमच्या आयांच्या स्वयंपाकघरातून देवळं बनवून विकणार हे लोक! मी इंग्रजीत एक मजकूर लिहिला. त्यात वसाहतवाद होता, बाजार होता, पूर्वेच्या अध्यात्माचा घाऊक व्यापार होता, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'पुरे!' होतं. काकांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला.

"छान आहे. भाषा धारदार आहे." त्यांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. "आई कुठंय?"

मी कागदावर पुन्हा नजर फिरवली.

"त्याच्या कागदावर साधू आहेत. तुझ्या कागदावर साम्राज्य आहे. रांधलं कुणी?"

बायकांचं काम कुणाला दिसत नाही, हे मी वाचलेल्या पहिल्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं. पण मीही हरायला तयार नव्हते. "ठीक आहे. पण मग तुमच्या नियमाचं काय? तुम्ही दोनदा नाही म्हणालात आणि कंपनी ऐकत नाही. पहिलं सवयीचं, दुसरं लाजेचं. तुमचा नियम त्यांना तोंडपाठ आहे!"

काकांना हे लागलं. ते उठून गॅलरीत गेले, तुळशीला पाणी घातलं, परत आले. "आग्रह ताटावर करायचा असतो," ते म्हणाले. "माणसावर नाही. लाव त्याला फोन. तिसरं सांगतो."

व्हिडिओ कॉलला हाशिमकाकाही आले. ते शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहत. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत, वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' पेरत. आणि त्या जुन्या शब्दाशिवाय मराठी त्यांना अजूनही येत नव्हती. मला वाटलं काका आता फटकारतील. त्यांनी ऑलिव्हरला आधी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, अजून नाही, इकडे सकाळ आहे. मग काका म्हणाले, दुसऱ्या बाजूचा शेवट लाव, आवाज मोठा कर, आणि मी सांगतो ते ऐक. आणि त्या घुमणाऱ्या आवाजांवर ते शांतपणे सांगत गेले. हा आह सेंग. हा मी, माझं तोंड भरलेलं आहे. हा हाशिम, हा सर्वांत मोठ्याने ओरडतोय कारण त्याच्या भातावर दुसरा बांगडा पडतोय.

"तिसरा, लाह," हाशिमकाका म्हणाले.

"आणि ही माझी आई," काका म्हणाले. पळीचा टणत्कार झाला. "ती एवढंच बोलते."

पलीकडे ऑलिव्हर हसायला लागला, आणि हसताहसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. तो म्हणाला की शाळेत असल्यापासून तो हा शेवट अंधारात डोळे मिटून ऐकत आलाय. काका म्हणाले, "उजेडात ऐक. जेवताना ऐक." आणि मग, त्याच आवाजात: "आईचं नाव नसेल तर तबकडी काढू नकोस. हे मी शेवटचं सांगतोय."

साधकांचा मजकूर गेला. वेष्टनामागे सुमतीबाईंचं नाव आणि त्या रविवारच्या जेवणाबद्दल चार ओळी येणार असं ठरलं. पुढच्या बाजूची चार रोमन अक्षरं मात्र कंपनीला तशीच हवी होती. खाली देवनागरीत पुरे छापायला ते तयार होते. मला हे मान्य नव्हतं. ती चार अक्षरं पुन्हा लोकांना फसवणार. शिवाय इतकी वर्षं शुद्धतेच्या नावाने चाललेल्या घोळाबद्दल एक तरी माफी हवी.

"अक्षरं बरोबरच आहेत," काका म्हणाले. "तेव्हाही बरोबरच होती. वाचणारे चुकले. त्यात छापणाऱ्याने माफी कशाला मागायची?"

"ही तडजोड आहे, काका."

"असू दे. मला पुरते."

वेष्टनाचा नमुना फोनवर आला तेव्हा काका हॉस्पिटलात होते. मी तो उघडला आणि माझा संताप झाला. त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने देवनागरी मोडली होती. 'पुर' एकीकडे, आणि मात्रा सुटून बाजूला, एका रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली. मी फोन काकांसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक केले.

"पूर आलाय," ते म्हणाले. "मात्रा वाहून गेली."

"मी लगेच लिहिते त्यांना."

"राहू दे गं. नाव आलंय आईचं, ते सरळ आहे. एवढं पुरे."

"हे पहिलं पुरे आहे," मी म्हणाले. "हे मी ऐकणार नाही."

त्यांनी उशीवरून माझ्याकडे पाहिलं. मी कंपनीला लिहिलं. नवा नमुना आला, त्यात उकार गायब. काका म्हणाले, आता खरंच राहू दे. मी म्हटलं, हे लाजेचं. शेवटी मी कागदावर जाड पेनाने शब्द लिहिला, त्याचा फोटो काढला आणि कळवलं की अक्षरं टाइप करू नका, हे चित्र आहे असं समजून जसंच्या तसं छापा. मला पत्रकांची अक्षरं येतात. आईच्या गठ्ठ्यातली निम्मी हाताने रंगवलेलीच होती.

तो नमुना आला त्या दुपारी हाशिमकाकाही आलेले होते. काका आता फार बोलत नव्हते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटाने पडद्यावरचा शब्द गिरवला, उकार, मात्रा, सगळं. मग मागची बाजू. आईच्या नावावर बोट ठेवून ते तसेच राहिले. पडदा विझला तरी बोट काढलं नाही.

जेवणाचा ट्रे आला. हॉस्पिटलवाले ज्याला पॉरिज म्हणत, त्याला काका पेज म्हणत. वेंगुर्ल्याचा माणूस भाताचं ते रूप कुठेही ओळखतो. मी एक चमचा भरवला. दुसरा पुढे केला तेव्हा त्यांनी चादरीवरचा हात उचलला आणि वाटीवर आडवा धरला.

"पुरे."

"हे पहिलं झालं, काका," मी म्हणाले.

ते हसले. "नाही गं, पत्रके," ते म्हणाले. "तिसरं."

मी चमचा खाली ठेवला.

तबकडी आली तेव्हा काका मंडाईला गेले होते. म्हणजे त्यांच्या भाषेत, पिशवी न घेता. मी ती घेऊन हाशिमकाकांकडे गेले. त्यांच्या बायकोने टेबलावर बशा मांडल्या होत्या. मी अजूनही पत्रकं लिहिते, अजूनही माझं म्हणणं आहे की त्या चार रोमन अक्षरांनी जग फसेल, आणि ते मी त्यांना सांगितलंही. हाशिमकाकांनी तबकडी पहिल्यापासून लावली. नदी, बाजार, दुसऱ्या बाजूचे उलटे सूर, आणि मग त्या तिघांचे आवाज, एकमेकांवर चढत, लांब जात. आता त्यांतला एकच जण उरला होता. शेवट जवळ आला तसा त्यांनी समोरच्या रिकाम्या बशीवर हळूच हात आडवा धरला.

पळी वाजली.